कठीण प्रश्नपत्रिका आणि वाढीव गुण : बारावी विज्ञानाच्या गुणदानाचा इतिहास

बारावीच्या विज्ञान शाखेच्या परीक्षेला विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत भारतात जे महत्त्व आले, ते तिच्याआधी मॅट्रिकच्या परीक्षेलाही लाभले नव्हते. मॅट्रिकला बसलेल्या मुलाला किती गुण पडले यापेक्षा तो पास झाला की नापास, हाच प्रश्न बहुतेक घरांत विचारला जाई. १०+२+३ हा आकृतिबंध आल्यानंतर मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि गणित या विषयांच्या गुणांची बेरीज हाच वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाचा मुख्य आधार ठरला, आणि जागा थोड्या व उमेदवार फार अशा स्थितीत एकेका गुणावर असंख्य विद्यार्थी अडकून पडू लागले. विद्यार्थ्याला विषय येतो की नाही एवढेच सांगण्यासाठी आखलेल्या परीक्षेवर त्यांची काटेकोर क्रमवारी लावण्याचे काम येऊन पडले. त्यामुळे एखाद्या वर्षी प्रश्नपत्रिका कठीण निघाली किंवा एखादा परीक्षक हात आखडून गुण देणारा निघाला, तर विद्यार्थ्याचे नुकसान कसे भरून काढायचे, हा प्रश्न कधी नव्हे इतका तीव्र झाला. १९७७ ते २०१७ या चाळीस वर्षांत परीक्षा मंडळे, सरकारे आणि न्यायालये या प्रश्नाशी झुंजत राहिली, आणि तो सुटण्यापूर्वीच बारावीच्या गुणांचे प्रवेशातील स्थान बव्हंशी संपुष्टात आले.

गुणदानात दोष असतो, ही जाणीव या काळाच्या पुष्कळ आधीची आहे. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ याने १८८८ आणि १८९० साली लिहिलेल्या दोन निबंधांत परीक्षेचा गुण हे एक मोजमाप आहे आणि प्रत्येक मोजमापाप्रमाणे त्यातही त्रुटीची ठरावीक शक्यता असते, असे मांडले. लॅटिन गद्याचा एकच उतारा २८ जाणकारांकडून तपासून घेतल्यावर त्यांनी दिलेले गुण ४५ पासून १०० पर्यंत पसरलेले त्याला आढळले. आपल्या विवेचनासाठी त्याने ज्या स्पर्धा परीक्षांचा आधार घेतला त्यांत हिंदुस्थानच्या सनदी सेवेची परीक्षाही होती, आणि यशस्वी व अयशस्वी यांच्या सीमारेषेवरील उमेदवारांचा निकाल बऱ्याच अंशी योगायोगावर ठरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू राहिलेले रसायनशास्त्रज्ञ फिलिप हार्टोग यांनी ई. सी. ऱ्होड्स यांच्यासह १९३५ साली या विषयावर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यातील एक प्रयोग आजही अस्वस्थ करतो. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनी वर्षभराच्या अंतराने पुन्हा तपासल्या, तेव्हा २१० निकालांपैकी ९२ निकाल त्यांनी स्वतःच बदलले. विज्ञानाच्या उत्तरांत इतकी तफावत पडत नाही, असे शिक्षक मंडळी सांगतात आणि ते बहुतांशी खरेही आहे. परंतु विज्ञानाच्या परीक्षेत दोष दुसऱ्या बाजूने शिरतो. निबंधाचा विषय अवघड असला तरी विद्यार्थी काहीतरी लिहितोच, तर भौतिकशास्त्राचे तीन गुणांचे उदाहरण सुटले नाही की पान कोरे राहते, आणि अशी चार उदाहरणे एका प्रश्नपत्रिकेत आली तर साऱ्या राज्याची सरासरी खाली येते.

महाराष्ट्रात या परीक्षेचे यंत्र कसे उभे राहिले, हे येथे पाहिले पाहिजे. १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेले राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासून कामाला लागले, आणि उच्च माध्यमिक परीक्षेची जबाबदारी आल्यावर १९७७ साली त्याचे नाव व विनियम दोन्ही बदलले. तेव्हा आखलेली गुणदानाची साखळी थोड्याफार फरकाने आजही तशीच आहे. पेपर झाल्यावर विषयाचे मुख्य नियामक एकत्र बसून नमुना उत्तरे आणि गुणदान योजना, म्हणजे कोणत्या पायरीला किती गुण द्यायचे याचा तक्ता, निश्चित करतात. मग तो नियामकांकडे आणि नियामकांकडून परीक्षकांकडे जातो. परीक्षकाने तपासलेल्या गठ्ठ्यातील काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा तपासतो, आणि त्याच्याकडील काही मुख्य नियामक पाहतो. भौतिकशास्त्राच्या उदाहरणात सूत्र बरोबर लिहिल्याबद्दल, किमती घातल्याबद्दल, आकडेमोडीबद्दल आणि एककासह उत्तराबद्दल वेगवेगळे गुण असतात, म्हणून लॉगॅरिथमच्या तक्त्यात एक ओळ चुकून उत्तर बिघडले तरी विद्यार्थ्याचे सगळे गुण जात नाहीत. ही व्यवस्था कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या तोंडावर, ठरावीक दिवसांत लाखो उत्तरपत्रिका हातावेगळ्या करायच्या असतात आणि कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षकांच्या तपासणीवरील बहिष्काराचे सावट अनेकदा डोक्यावर असते. त्यामुळे योजनेचा काटेकोरपणा शेवटच्या परीक्षकापर्यंत पोहोचेतो कमी होतो, हे या क्षेत्रातल्या कोणालाही नवे नाही.

प्रश्नच सदोष निघाला तर काय करायचे, याचे उत्तरही याच साखळीत दडलेले होते. मुख्य नियामकांची सभा बसते, प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा किंवा चुकीचा छापला गेला आहे असे ठरले तर तो सोडवण्याचा प्रयत्न केलेल्यांना त्याचे गुण देण्याची शिफारस करते, आणि मंडळ ती अमलात आणते. २०२३ च्या फेब्रुवारीत बारावी इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्नांच्या जागी परीक्षकांसाठीच्या सूचना छापल्या गेल्या, तेव्हा सहा गुणांचा निर्णय याच मार्गाने झाला. प्रश्न चुकीचा असला की निर्णय सोपा असतो. तो बरोबर आहे पण फार कठीण आहे, असे म्हटले की खरा वाद सुरू होतो, कारण कठीण कशाला म्हणायचे याचे माप प्रश्नपत्रिकेत नसते, निकालात असते.

या यंत्राला पहिले मोठे आव्हान मुंबई उच्च न्यायालयात मिळाले. १९७७ च्या विनियमांतील क्रमांक १०४ नुसार विद्यार्थ्याला फक्त गुणपडताळणी मागता येत असे, म्हणजे सर्व उत्तरे तपासली आहेत ना आणि बेरीज बरोबर आहे ना एवढेच पाहून घेता येई; उत्तरपत्रिका डोळ्यांनी पाहण्याचा किंवा ती पुन्हा तपासून घेण्याचा हक्क त्याला नव्हता, आणि उत्तरपत्रिका मंडळाने अत्यंत गोपनीय मानल्या होत्या. बारावीच्या निकालाने निराश झालेल्या विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास या विनियमाविरुद्ध याचिका दाखल केल्या आणि उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल देऊन उत्तरपत्रिका दाखवण्याचा व फेरतपासणीचा मार्ग खुला केला. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि परितोष खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १७ जुलै १९८४ रोजी न्यायमूर्ती व्ही. बालकृष्ण इराडी यांनी लिहिलेल्या निकालपत्राने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. निकालांना अंतिमता हवी, लाखो उत्तरपत्रिका उघडल्या तर प्रवेशाचे वेळापत्रक कोलमडेल, आणि शैक्षणिक बाबींत तज्ज्ञांच्या निर्णयाच्या जागी न्यायालयाने आपले मत बसवू नये, हे त्यातील मुख्य मुद्दे होते. व्यवहाराच्या दृष्टीने हा निकाल समजण्याजोगा होता. त्याचा परिणाम मात्र असा झाला की पुढची सत्तावीस वर्षे गुण कसे पडले हे विद्यार्थ्याला कळण्याचा कायदेशीर रस्ता जवळजवळ बंद राहिला, आणि मंडळाच्या आत गुणांचे जे काही होई त्याविषयी तर्कवितर्क करण्यापलीकडे पालकांच्या हाती काही उरले नाही.

मंडळांच्या आत जे होई त्याचे दोन प्रकार आहेत आणि सार्वजनिक चर्चेत त्यांची सतत गल्लत झाली. पहिला प्रकार मॉडरेशनचा, म्हणजे गुणांच्या नियमनाचा. त्यात एकाच विषयाच्या उत्तरपत्रिका अनेक परीक्षकांकडे गेल्यामुळे पडलेला फरक काढून टाकला जातो, उदाहरणार्थ कडक परीक्षकाच्या गठ्ठ्यातील गुण थोडे वाढवून आणि सढळ हाताच्या परीक्षकाचे थोडे कमी करून. दुसरा प्रकार स्केलिंगचा, म्हणजे गुण एका समान मापावर आणण्याचा. वेगवेगळे विषय किंवा वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका यांच्यातील काठिण्याचा फरक त्याने भरून काढायचा असतो. स्केलिंगमध्ये विद्यार्थ्याचा गुण त्या विषयाच्या सरासरीपासून किती दूर आहे, हे त्या विषयातील गुणांच्या पसरटपणाने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागून काढतात. समजा, सत्तर गुणांच्या भौतिकशास्त्रात सरासरी ३२ आणि प्रमाण विचलन १० आले, तर जीवशास्त्रात सरासरी ४५ आणि विचलन तेवढेच आले. अशा वेळी भौतिकशास्त्रातले ४२ आणि जीवशास्त्रातले ५५ हे दोन्ही सरासरीच्या वर एक विचलन असल्याने सारख्याच मोलाचे धरले जातात, आणि समान माप सरासरी ४० व विचलन १० असे ठरवले तर दोघांचेही ५० होतात. येथपर्यंत सारे न्याय्य वाटते. त्याच सूत्राने भौतिकशास्त्रात दोन गुण मिळवणाऱ्याचे दहा होतात आणि सत्तरपैकी सत्तर मिळवणाऱ्याचे अठ्ठ्याहत्तर, म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या कमाल गुणांपेक्षाही जास्त. गुणांचे वितरण घंटेच्या आकाराच्या सामान्य वक्राशी जुळत असेल तरच हे सूत्र विश्वासाने वापरता येते, आणि शालेय परीक्षेचे गुण तसे क्वचितच पसरलेले असतात.

हा फरक भारतीय कायद्यात स्पष्टपणे नोंदला गेला तो एका वेगळ्याच परीक्षेमुळे. उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाने दिवाणी न्यायाधीशांच्या २००३ च्या निवड परीक्षेत सर्वांना सक्तीच्या असलेल्या विषयांचे गुणही सरासरी १०० आणि विचलन २० धरून स्केल केले होते. संजय सिंह खटल्यात ९ जानेवारी २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते अयोग्य ठरवले. सर्व उमेदवार एकाच प्रश्नपत्रिकेला बसले असतील तर परीक्षकांमधील फरक काढण्यासाठी मॉडरेशन हाच मार्ग आहे आणि स्केलिंग वैकल्पिक विषयांची तुलना करताना शोभते, असे न्यायमूर्ती रवींद्रन यांनी लिहिलेल्या निकालपत्राने सांगितले. मुख्य परीक्षकाने नमुना उत्तरपत्रिका तपासून सहपरीक्षकांबरोबर मापदंड पक्का करायचा, मग यादृच्छिक तपासणीतून प्रत्येकाचा कल ओळखायचा आणि त्यानुसार दुरुस्ती करायची, ही पद्धत त्यात पायरी-पायरीने सांगितली आहे. परीक्षाशास्त्रावरील मराठी ग्रंथ थोडे असताना हे निकालपत्र शिक्षकांनी मुळातून वाचावे इतके सुबोध आहे.

दरम्यान महाराष्ट्रात बारावीच्या गुणांवरचा भार हळूहळू दुसरीकडे सरकू लागला होता. 'पीसीएम' (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) आणि 'पीसीबी' (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) या गटांच्या बेरजेवर आयुष्य ठरवण्याची सवय, त्या बेरजेभोवती वाढलेले शिकवणीवर्ग, लातूर पॅटर्नसारखी मंडळाच्या प्रश्नपत्रिकेचा सराव घोटून घेणारी व्यवस्था यांमुळे वरच्या टोकाला गुणांची गर्दी झाली होती, आणि १९९९ पासून राज्याने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी सामायिक प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, मार्ग धरला. तरीही दोन मंडळांच्या गुणांची तुलना कशी करायची हा प्रश्न सुटला नाही. तो मागच्या दाराने अकरावीच्या प्रवेशात आला. राज्य मंडळ, आयसीएसई आणि सीबीएसई यांच्या दहावीच्या गुणांना एका मापावर आणण्यासाठी सरकारने २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले; २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी नव्वद टक्के जागा राखण्याचा प्रयत्न झाला, तोही टिकला नाही; २०१० चे 'बेस्ट फाइव्ह', म्हणजे सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण, उच्च न्यायालयात पडले आणि सर्वोच्च न्यायालयात तरले. तीन वर्षांत तीन सूत्रे आणि प्रत्येक जूनमध्ये कोर्टाची पायरी, असा तो काळ मुंबई-पुण्याच्या पालकांना चांगला आठवत असेल. या तिन्ही प्रयत्नांत संख्याशास्त्र कमी आणि राज्य मंडळाच्या मुलांना नामांकित महाविद्यालयांत जागा मिळवून देण्याची निकड जास्त होती, हे मान्य केले पाहिजे. ती निकड मात्र खोटी नव्हती, कारण इतर मंडळांचे गुण सढळ आहेत ही तक्रार निराधार नव्हती.

९ ऑगस्ट २०११ हा या इतिहासातील वळणाचा दिवस. सीबीएसईच्या एका परीक्षार्थीने माहिती अधिकाराखाली आपली उत्तरपत्रिका मागितली होती. आदित्य बंदोपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या अर्थाने माहितीच आहे आणि ती परीक्षार्थीला पाहता येते, असा निर्णय दिला. माहिती अधिकाराचा कायदा मंडळांच्या विनियमांना ओलांडून जातो असे म्हणून न्यायालयाने परितोष खटल्याचा अडसर दूर केला. महाराष्ट्रातही उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत आणि तिच्या आधारे पुनर्मूल्यांकन हे आज निकालानंतरचे नित्याचे टप्पे आहेत. परंतु उत्तरपत्रिकेवर दिसतो तो परीक्षकाने दिलेला गुण. त्याच्यानंतर मंडळाने सरसकट किती गुण वाढवले, हे छायाप्रतीत दिसत नाही. दाराची एक फळी उघडली होती, दुसरी अजून मिटलेलीच होती.

ती दुसरी फळी उघडण्याचे काम २०१३ साली अमेरिकेत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने केले. आयसीएसई आणि आयएससी या दहावी-बारावीच्या परीक्षांचे निकाल संकेतस्थळावर विद्यार्थीवार उपलब्ध होते. त्याने ते संगणकाच्या मदतीने एकत्र केले आणि गुणांचे आलेख काढले. लाखाहून अधिक विद्यार्थ्यांचे अनेक विषयांचे गुण जमवल्यावर आलेखाची रेषा गुळगुळीत यायला हवी होती. तिच्यात करवतीचे दाते निघाले. ८१, ८२, ८४, ८५, ८७, ८९, ९१, ९३ यांसारखे कित्येक गुण देशभरात कोणालाच, कोणत्याच विषयात मिळालेले नव्हते, आणि उत्तीर्णतेच्या ३५ गुणांच्या लगेच खालच्या जागाही रिकाम्या होत्या. कोणत्याही परीक्षकाच्या लहरीने असे घडू शकत नाही. मूळ गुणांची एक पट्टी दुसऱ्या पट्टीवर ताणून बसवली की मधल्या खाचा मोकळ्या राहतात, तसा हा प्रकार दिसत होता. पुढच्या काही वर्षांत सीबीएसईच्या बारावीच्या गुणांचेही असेच आलेख निघाले, आणि त्यांत गणितासारख्या विषयात ९५ या एकाच आकड्यावर सुळका उभा राहिलेला दिसला, म्हणजे मूळ गुण ८० च्या वर कुठेही असलेले बरेच विद्यार्थी वाढीव गुणांमुळे एकाच छताला जाऊन टेकले होते. मॉडरेशनचा बचाव करणाऱ्यांची यात खरी अडचण झाली. काठिण्याची भरपाई करताना वरच्या टोकाच्या विद्यार्थ्यांमधला फरक पुसला जात असेल, तर ज्या क्रमवारीसाठी ही सारी खटपट चालली होती तीच नष्ट होत होती.

याच सुमारास केंद्र सरकारने बारावीच्या गुणांना पुन्हा प्रवेशाच्या केंद्रस्थानी आणण्याचा मोठा प्रयत्न केला. मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबल यांच्या पुढाकाराने २०१३ पासून जेईई मेन या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेच्या क्रमवारीत बारावीला ४० टक्के वजन देण्याचे ठरले. आयआयटी संस्थांनी त्याला विरोध केल्यावर त्यांच्यापुरती तडजोड म्हणून आपल्या मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत असण्याची अट आली. मंडळांचे गुण जसेच्या तसे घेणे शक्य नव्हते, म्हणून जे सूत्र बसवले ते चातुर्याचे होते. विद्यार्थ्याचे पाच विषयांचे एकूण गुण घेऊन त्याच्या मंडळात त्याचा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातील किती विद्यार्थी त्याच्या बरोबरीचे वा त्याच्या मागे आहेत, हे काढायचे. तेवढ्याच पर्सेंटाइलला जेईई मेनमध्ये देशभरात किती गुण आहेत आणि त्याच मंडळाच्या मुलांत किती गुण आहेत, हे दोन आकडे शोधायचे. त्यांची सरासरी हा त्याचा बारावीचा समायोजित गुण मानायचा, आणि जेईईचे ६० टक्के व याचे ४० टक्के मिळून अंतिम गुण ठरवायचे. मंडळ सढळ की कडक हा प्रश्न या सूत्रात गौण होतो, कारण मोजला जातो तो क्रम, गुण नव्हे. अडचण अशी की वरच्या टोकाला हजारो मुले एकाच गुणावर असली तर क्रमही निरर्थक होतो. महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५ साली आपली अभियांत्रिकी सीईटी बंद ठेवून राज्याच्या प्रवेशांसाठीही जेईई मेन आणि बारावी यांची सांगड घातली. आपला अंतिम आकडा कुठून आला हे त्या दोन वर्षांत फार थोड्या पालकांना समजले, आणि २०१६ मध्ये राज्याची सीईटी परत आली. जेईईचा आढावा घेणाऱ्या अशोक मिश्र समितीच्या अहवालानंतर केंद्रानेही २०१७ पासून जेईई मेनच्या क्रमवारीतून बारावीचे वजन काढून टाकले.

शेवटचा आणि सर्वांत गाजलेला प्रसंग सीबीएसईचा. मार्च २०१६ मध्ये बारावी गणिताची प्रश्नपत्रिका इतकी कठीण निघाली की विषय संसदेत पोहोचला, आणि तज्ज्ञांचे मत घेऊन तपासणीपूर्वीच योग्य ते उपाय केले जातील, असे मंडळाला जाहीर करावे लागले. सीबीएसईच्या मॉडरेशन धोरणात संदिग्ध प्रश्नांची भरपाई, परीक्षकांमधील फरक, तसेच देशाच्या वेगवेगळ्या भागांना दिलेल्या वेगवेगळ्या प्रश्नसंचांतील काठिण्याचा फरक ही कारणे होतीच. त्यांच्याबरोबर उत्तीर्णतेचे प्रमाण मागच्या वर्षांच्या जवळपास राखणे हेही एक उद्दिष्ट होते. पहिली तीन कारणे शास्त्राला धरून आहेत. चौथ्या कारणाने या धोरणाची बदनामी केली, कारण निकाल आधी ठरवून गुण त्याला जुळवले जातात, असा अर्थ त्यातून निघत होता.

एका मंडळाने गुण वाढवले की त्याच्या मुलांना बारावीच्या गुणांवर प्रवेश देणाऱ्या दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी फायदा होई, म्हणून दुसरे मंडळ वाढवी, आणि थांबण्याची तयारी असूनही एकट्याने थांबणे कोणालाच परवडत नव्हते. सीबीएसईने डिसेंबर २०१६ मध्ये केंद्राकडे हाच मुद्दा मांडला, आणि २४ एप्रिल २०१७ रोजी दिल्लीत झालेल्या बैठकीत ३२ मंडळांनी गुण फुगवणारे मॉडरेशन बंद करण्याचे मान्य केले. काठावरच्या विद्यार्थ्याला पास करणारे सवलतीचे गुण तेवढे राहणार होते. निर्णय योग्य होता, त्याची वेळ अत्यंत चुकीची. परीक्षा होऊन गेल्या होत्या, परदेशी विद्यापीठांनी काही विद्यार्थ्यांना अपेक्षित गुणांच्या अटीवर प्रवेश दिले होते, आणि निकाल महिन्यावर आला होता. दिल्ली उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली आणि २३ मे २०१७ रोजी न्यायमूर्ती गीता मित्तल व न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांच्या पीठाने, खेळ सुरू झाल्यावर नियम बदलता येणार नाहीत अशा अर्थाचा आदेश देऊन, त्या वर्षापुरते जुने धोरण चालू ठेवायला सांगितले. सीबीएसईचा निकाल २८ मे रोजी लागला आणि उत्तीर्णतेचे प्रमाण आदल्या वर्षीच्या ८३.०५ वरून ८२.०२ टक्के झाले. पंजाबच्या मंडळाने मात्र त्या वर्षी वाढीव गुण दिले नाहीत आणि तेथील बारावीचा निकाल सुमारे ७७ टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर घसरला. वाढीव गुण काढले की काय उरते, हे एका राज्याने त्या वर्षी उघड्यावर दाखवले. त्याची किंमत त्या राज्याच्या मुलांनी मोजली.

त्यानंतरच्या घडामोडी थोडक्यात सांगता येतील. सीबीएसईने २०१८ साली देशभर एकच प्रश्नसंच वापरला, त्यामुळे त्या वर्षी संचांमधील फरकाचे कारण उरले नाही. २०२१ मध्ये कोविडमुळे परीक्षाच रद्द झाल्या, दहावी, अकरावी आणि बारावीच्या कामगिरीला ३०:३०:४० असे वजन देऊन गुण ठरवले गेले, आणि महाराष्ट्राचा बारावीचा निकाल ९९.६३ टक्के लागला. परीक्षा न घेता दिलेल्या गुणांवर स्पर्धा लावता येत नाही हे उघडच होते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशांसाठी सामायिक परीक्षा आली. जेईई मेन आणि महाराष्ट्राची सीईटी २०१९ पासून संगणकावर, अनेक सत्रांत होतात आणि प्रत्येक सत्राचा पर्सेंटाइल काढून सत्रांमधील काठिण्याचा फरक दूर केला जातो. म्हणजे समायोजन संपलेले नाही. ते मंडळाकडून प्रवेश परीक्षेकडे गेले आहे, फरक एवढाच की त्याचे सूत्र परीक्षेच्या आधी जाहीर केलेले असते आणि गणित येणारा कोणीही पालक ते ताडून पाहू शकतो.

महाराष्ट्रात अभियांत्रिकी प्रवेशासाठी आज खुल्या गटातील विद्यार्थ्याला बारावीच्या संबंधित तीन विषयांत ४५ टक्के आणि राखीव गटातील विद्यार्थ्याला ४० टक्के पुरतात, आणि क्रमवारी सीईटीवर लागते. कठीण प्रश्नपत्रिकेला भरपाई द्यावी लागते, यावर येथे पाहिलेल्या कोणत्याही न्यायालयीन निकालाने शंका घेतलेली नाही. आक्षेप होता तो चुकीच्या सूत्राला, गोपनीयतेला आणि परीक्षेनंतर नियम बदलण्याला. प्रत्येक विषयाची सरासरी, गुणांचा आलेख आणि भरपाईचे सूत्र निकालासोबत छापायला मंडळांना फारसा खर्च येत नाही, आणि ते छापले जात नाही तोवर बारावीच्या गुणपत्रिकेवरील आकडा किमान पात्रतेपलीकडे कोणी गंभीरपणे घेईल, अशी अपेक्षा मंडळांनी ठेवू नये.